दुसरा बैल

चांगली गोष्ट संपली की तिच्यापुढे काय, हा प्रश्न माणसाला स्वस्थ बसू देत नाही. लहान मूल आजीला हाच प्रश्न विचारते आणि बाजारही हाच प्रश्न विचारतो. मुलाला त्यात उत्तर हवे असते. बाजाराला पुढची आवक हवी असते. गेल्या काही वर्षांत चित्रपट, कादंबऱ्या आणि तरुण मंडळी खेळतात ते व्हिडिओ गेम, या सर्वांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न फार मोठ्या आवाजात विचारला जाऊ लागला आहे. लोकांच्या मनात घर करून बसलेले एखादे जुने नाव शोधायचे, त्यावरची धूळ झटकायची आणि त्याच नावाने नवा माल बाजारात आणायचा, असा हा व्यवहार आहे. त्याविषयी मला जी शंका वाटते ती एका भयपटाच्या निमित्ताने मांडावी म्हणतो. कौटुंबिक मासिकात भयपट कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु हा भयपट लोभाविषयी आहे आणि लोभ हा आपल्या घरातला, दुकानातला आणि व्याख्यानातला नित्याचा विषय आहे.

चित्रपटाचे नाव ‘तुंबाड’. तो हिंदी भाषेतला असला तरी त्याची माती, पाऊस, वाडे आणि माणसे सारी महाराष्ट्रातली आहेत. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो प्रथम प्रदर्शित झाला, तेव्हा जाणकारांनी वाखाणला. गर्दी मात्र बेताचीच झाली. त्यानंतर सहा वर्षे तो लोकांनी घरोघरी पाहिला, एकमेकांना सांगितला आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला. या दुसऱ्या खेपेला त्याने पहिल्यापेक्षा अधिक गल्ला जमवला. जुना चित्रपट पुन्हा लावून नव्याने लावल्यापेक्षा अधिक पैसा मिळावा, ही आपल्या चित्रपटव्यवसायात अपूर्व म्हणावी अशी गोष्ट होती. त्याच सुमारास दुसऱ्या भागाची घोषणा झाली. योगायोग असा की त्या दिवसांत आपल्या दिगंबर बांधवांचे दशलक्षण पर्व चालू होते. त्या दहा धर्मांतला उत्तम शौच म्हणजे निर्लोभता. मंदिरात निर्लोभतेचे पूजन, चित्रपटगृहात लोभाची भयकथा आणि तिकीट खिडकीवर त्या कथेच्या पुढच्या भागाची तयारी, असा तो आठवडा होता.

मी तो चित्रपट त्याच वेळी, महाविद्यालयात शिकणाऱ्या पुतण्याच्या आग्रहाने, नाशिकमध्ये पाहिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर. त्याला आईचे सारे सोने हवे होते आणि सारे धान्यही. सोने त्याने मिळवले. धान्याला हात घालताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला आपल्या गर्भात लपवून वाचवले, पण अट अशी की त्याची पूजा कोणी कधीही करू नये. तुंबाडच्या लोकांनी लोभापायी त्याचे देऊळ बांधले आणि त्या गावावर न थांबणारा पाऊस कोसळू लागला. १९१८ साली तिथे वाढणारा विनायक नावाचा मुलगा मोठेपणी परत येतो. वाड्यातल्या विहिरीतून, दोरीला धरून, तो खाली त्या गर्भात उतरतो. पिठाची बाहुली भुकेल्या हस्तरापुढे टाकतो आणि तो ती खात असताना त्याच्या लंगोटातून पडणाऱ्या सोन्याच्या मोहरा गोळा करून जिवाच्या आकांताने वर चढतो. एका खेपेला हाती येतील तेवढ्याच मोहरा. त्या संपल्या की पुन्हा तुंबाड, पुन्हा दोरी, पुन्हा तीच विहीर.

हे दृश्य पाहताना आपल्यापैकी अनेकांना मंदिराच्या भिंतीवरचे एक चित्र आठवेल. मधुबिंदूचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकतो. वसुदेवहिंडीत तो आहे, हरिभद्रसूरींच्या समराइच्चकहेतही आहे. रानात वाट चुकलेला माणूस, मागे लागलेला हत्ती, जुनी विहीर, तीत लोंबणारी वडाची पारंबी. ती धरून तो लटकलेला. खाली अजगराने जबडा उघडलेला, भोवती साप, वर एक काळा आणि एक पांढरा उंदीर ती पारंबी कुरतडत आहेत. झाडावरच्या पोळ्यातल्या माश्या त्याला डसत आहेत आणि त्याच पोळ्यातून मधाचा एकेक थेंब त्याच्या ओठांवर पडत आहे. आकाशमार्गाने जाणारा विद्याधर त्याला विमानात घेऊ पाहतो आणि हा म्हणतो, थांब, एवढा एक थेंब येऊ दे. हजार-बाराशे वर्षांहून जुनी ही कथा आणि २०१८ चा तो चित्रपट यांत दोरी तीच, विहीर तीच, खाली वाट पाहणारा जबडाही तोच. भय दाखवून शहाणपण शिकवण्याची रीत आपल्याला परकी नाही. नरकयातनांची चित्रे आपल्या मंदिरांत आणि पोथ्यांत आहेतच. ती पाहून मुलांची झोप उडते आणि उडावी याच हेतूने ती काढलेली आहेत.

आता मुख्य मुद्दा. चित्रपटाचा शेवट १९४७ साली होतो. विनायकाने आपल्या मुलाला, पांडुरंगला, हीच विद्या शिकवली आहे. हा मुलगा बापाच्याही पुढचा. एकेक मोहर कशाला, सगळा लंगोटच पळवू, असे तो सुचवतो. अधिक बाहुल्या घेऊन दोघे खाली उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. मुलाला वाचवण्यासाठी बाप स्वतः शापित होतो. वर आल्यावर तो विद्रूप झालेला बाप मोहरांनी भरलेला तो लंगोट मुलापुढे धरतो आणि मुलगा तो घेत नाही. जन्मभराची कमाई, बापाने जीव देऊन आणलेली, आणि मुलगा मान हलवून नाही म्हणतो. तो बापाला अग्नी देऊन त्याच्या यातना संपवतो आणि तेथून निघून जातो.

माझ्या मते हा नकार म्हणजेच तो सगळा चित्रपट. आधीचा सारा पाऊस, काळोख आणि रक्त या एका नकाराला वजन यावे म्हणून आहे. विहिरीतला माणूस विद्याधराचा हात धरतो तो हा क्षण. आपल्या दृष्टान्तातला माणूस तो हात धरत नाही, म्हणून ती कथा शोकाची. इथला मुलगा धरतो, म्हणून इतक्या भयाण चित्रपटातून बाहेर पडताना मन हलके होते. अशा कथेचा दुसरा भाग काढायचा तर दोनच वाटा उरतात. एक तर त्या मुलाचा नकार खोटा ठरवून त्याला किंवा त्याच्या वंशाला पुन्हा विहिरीत उतरवायचे, किंवा दुसराच कोणी लोभी माणूस आणून तीच खेप पुन्हा दाखवायची. पहिल्या वाटेने जुनी कथा नासते आणि दुसऱ्या वाटेने नवी कथा शिळी निघते. तिसरी वाट एखाद्या प्रतिभावंताला सापडेलही, नाही असे नाही. पण थांबावे कुठे हे सांगणाऱ्या गोष्टीला, लोक अजून मागताहेत म्हणून पुढे ओढणे, यात काही विसंगती आहे हे मान्य करावेच लागेल.

यावर तरुण मंडळी विचारतात की मग जुन्या कथा कोणी हाताळूच नयेत काय. तसे माझे म्हणणे नाही. ‘तुंबाड’च्याच जन्माची हकीकत पाहावी. त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना नारायण धारप यांची एक कथा रात्री सांगितली आणि ती त्यांच्या मनातून गेली नाही. धारपांनी मराठीत भयकथेला घराघरांत नेले. त्यांची ‘आजी’ ही कथा स्वतः अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या कथेवरून आलेली होती. चित्रपटाचे नाव आले श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून. म्हणजे अमेरिकेतली आजी पुण्याच्या लेखकाकडे आली, तिथून नागझिऱ्याच्या रात्रीत आली आणि कोकणातल्या एका गावाचे नाव घेऊन पडद्यावर उभी राहिली. प्रत्येक हाताने ती नव्याने घडवली. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले आणि प्रदर्शन झाले ते २०१८ मध्ये. मधल्या काळात काही भाग पुन्हा चित्रित करावा लागला. पडद्यावरचा पाऊस खरा हवा म्हणून अनेक पावसाळे वाट पाहिली गेली. ही झाली पेरणी. बियाणे दुसऱ्याचे असले तरी शेत आणि घाम स्वतःचा होता. नाव तेच ठेवून घाम वगळणे हा निराळा व्यवहार आहे आणि माझी शंका त्या व्यवहाराबद्दल आहे.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दुसऱ्या भागाची घोषणा झाली त्या सुमारास राही बर्वे आणि पहिल्या चित्रपटाचे सर्जनशील दिग्दर्शक आनंद गांधी या दोघांनीही आपण त्यात नसल्याचे जाहीर केले. निर्माते आणि प्रमुख नट सोहम शाह मात्र तेच आहेत. त्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ज्याने इतकी वर्षे अडकलेला चित्रपट सोडला नाही, पैसा आणि आयुष्याची उमेदीची वर्षे त्यात घातली, त्याला त्या नावाचे फळ मिळावे यात अन्याय्य काही नाही. कायद्याने नाव त्यांचे आहे. प्रश्न हक्काचा नसून त्या नावाच्या आत आता काय उरले आहे याचा आहे.

‘तुंबाड’चे पार्श्वसंगीत येस्पर कीड या डॅनिश संगीतकाराचे आहे. ‘हा तर आमच्या खेळांचा माणूस,’ असे पुतण्या मला म्हणाला, कारण ‘हिटमॅन’ आणि ‘असॅसिन्स क्रीड’ या व्हिडिओ गेमचे संगीत त्यांनी दिले आहे. मग त्याने मला भयखेळांच्या दुनियेतले एक उदाहरण सांगितले, ते व्यापारी घरांनी ऐकण्यासारखे आहे. जपानच्या कोनामी कंपनीने १९९९ साली ‘सायलेंट हिल’ नावाचा भयखेळ काढला. धुक्यात बुडालेले एक गाव, तिथे हरवलेल्या माणसाचा शोध घेणारे एक साधे माणूस, आणि भीती बाहेरच्या राक्षसापेक्षा त्याच्या स्वतःच्या मनातल्या अपराधाची. २००१ सालचा दुसरा भाग तर आजही या प्रकारातला मानदंड समजला जातो. २००४ साली चौथा भाग निघाला आणि त्यानंतर मूळ कारागिरांचा चमू पांगला. कंपनीने नाव आपल्याकडे ठेवले आणि काम बाहेरच्या निरनिराळ्या कंपन्यांना दिले. धुके तेच, गाव तेच, भोंगा तोच; पण जुन्या चाहत्यांना त्यात ती भीती सापडेना. पुढे एका नामांकित निर्मात्याला घेऊन मोठा नवा भाग काढायचे ठरले, तोही २०१५ साली रद्द झाला.

आता माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जाणारी बाजूही सांगितली पाहिजे. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच दुसऱ्या भागाची नवी आवृत्ती आली. ती पोलंडमधल्या ब्लूबर टीम नावाच्या कंपनीने घडवली होती. लोकांनी आधी नाके मुरडली आणि नंतर मनापासून कौतुक केले. म्हणजे पुनरुज्जीवन साधते. पण कसे साधले ते पाहावे. त्यांनी कथा पुढे ओढली नाही. जी होती तीच आजच्या साधनांनी पुन्हा सांगितली. मूळ संगीतकार अकिरा यामाओका आणि मूळ राक्षसांची रेखाटने करणारे मासाहिरो इतो यांना कामात घेतले. नाव, गोष्ट आणि निदान काही जुने हात, हे तिन्ही एकत्र आले तेव्हा जीव आला. नुसत्या नावावर काढलेल्या भागांत तो आला नव्हता.

आणि आपल्या नाशिकला तर या बाबतीत परदेशात जाण्याचीही गरज नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत दाखवल्यावर त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला. १९१७ साली त्यांनी हरिश्चंद्राचीच कथा पुन्हा चित्रित केली. तेव्हा हात तेच होते, म्हणून कोणी त्याला शिळे म्हटले नाही. १९१८ साली, म्हणजे ‘तुंबाड’ची कथा ज्या वर्षी सुरू होते त्याच वर्षी, मुंबईचे भांडवलदार भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. भांडवल आले, हिशेब आले, हिशेबावरून मतभेद आले. फाळके रागावून काशीला निघून गेले आणि तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहीत बसले. कंपनी चालूच होती. यंत्रे होती, नट होते, नाव होते, चित्रपटही निघत होते. तरीही काही काळाने भागीदारांना त्यांना परत बोलवावे लागले. भागीदार अडाणी नव्हते. चोख व्यापारी होते. यंत्राची किंमत त्यांना खरेदीच्या दिवशीच कळली होती. माणसाची किंमत तो गेल्यावर कळली.

फाळक्यांच्या आयुष्यात दुसरा एक धडाही आहे आणि तो अधिक कडू आहे. बोलपट आल्यावर त्यांचा ‘सेतुबंधन’ हा मूकपट मागे पडला. म्हणून त्याला नंतर आवाज जोडून १९३४ साली तो पुन्हा लोकांपुढे आणला गेला. खर्च झाला, यश आले नाही. जी वस्तू मौनासाठी घडवली तिला नंतर बोलायला लावले की ती ना धड मूक राहते, ना धड बोलकी होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळके नाशिकमध्ये वारले. आज पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. तिथे मुलांना नेतो तेव्हा आपण त्यांना पहिल्या चित्रपटाची गोष्ट सांगतो. ही दुसरी गोष्टही सांगावी, असे मला वाटते.

आयुष्याची पस्तीस वर्षे कर्जप्रस्ताव वाचण्यात गेल्यामुळे नावाच्या किमतीविषयी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मी घेतो. वाणिज्याच्या पुस्तकांत जिला ख्याती म्हणतात आणि पेढीवर गुडविल म्हणतात, तिच्या बाबतीत हिशेबशास्त्राचा एक नियम आहे. स्वतः कमावलेली ख्याती ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. दुसऱ्याकडून पैसे मोजून विकत घेतलेली ख्याती दाखवता येते. विद्यार्थिदशेत हा नियम मला उफराटा वाटे. कमावलेले शून्य आणि विकत घेतलेले लाख, हा कसला न्याय? पुढे शाखेत बसल्यावर त्यातले शहाणपण उमगले. कमावलेली ख्याती रोजच्या रोज, गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाच्या वागण्यातून निर्माण होत असते. ती त्या माणसापासून वेगळी काढून कागदावर ठेवता येत नाही. आणि विकत घेतलेली ख्याती ताळेबंदात येते ती हळूहळू खर्ची पडण्यासाठीच येते.

एका मसाल्याच्या पेढीचे उदाहरण देतो. नाव, गाव सांगणे उचित नाही. आजोबांचा काळा मसाला पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. खोबरे, धणे, दगडफूल, नाकेशर यांची भाजणी घरातली आजी आणि कामाला येणारी एक वृद्ध बाई, अशा दोघी स्वतःच्या नाकावर करत. धूर किती निळा झाला की कढई उतरवायची, हे त्यांच्या डोळ्यांना माहीत होते. वय झाल्यावर आजोबांनी पेढी बंद केली, उधारी वसूल केली, देणी चुकती केली आणि शांतपणे धर्मध्यानाला लागले. दहा-बारा वर्षांनी नातवांनी तेच नाव पुन्हा काढले. डब्यावर आजोबांचा फोटो, तोच लाल-पिवळा रंग. मसाला मात्र दुसऱ्या गावी कंत्राटावर कुटून यायचा. प्रस्ताव पुढे आला तेव्हा मी एकच प्रश्न विचारला होता की भाजणार कोण. उत्तर मिळाले की आता सगळे यंत्रावर होते. गोदामाचे तारण भक्कम असल्याने वरच्या कार्यालयातून मंजुरी मिळाली. पहिल्या दिवाळीला माल पुरला नाही. जुन्या गिऱ्हाइकांनी आठवणीपोटी दोन-दोन डबे नेले. दुसऱ्या दिवाळीला दुकानदारांनी माल परत पाठवला. शेवटी गोदाम विकून कर्ज फिटले. बँकेचे काही बुडाले नाही. बुडाले ते आजोबांचे नाव. बंद पडलेल्या पेढीचे नाव लोक आदराने घेत होते. पुन्हा उघडून बंद पडलेल्या पेढीचे नाव हसून घेऊ लागले. आजोबा तेव्हा हयात होते. ते कोणाला काही बोलले नाहीत. डब्यावरचा आपला फोटो तेवढा काढून टाका, एवढे मात्र त्यांनी नातवांना सांगितले.

म्हणून पुनरुज्जीवनाचा प्रस्ताव, मग तो चित्रपटाचा असो, खेळाचा असो वा दुकानाचा, पुढे आला की मला तीन गोष्टी पाहाव्याशा वाटतात. जुन्या वस्तूचा प्राण कशात होता, हे प्रस्ताव आणणाऱ्याला ठाऊक आहे काय? तो प्राण ज्यांच्या हातात होता त्यांच्यापैकी कोणी बरोबर आहे काय, आणि नसल्यास ते कसब कोणी रीतसर शिकले आहे काय? आणि तिसरी, सर्वांत अवघड: ही वस्तू पुरी झाली होती की अपुरी राहिली होती? अपुरी राहिलेली वस्तू पुढच्या पिढीने पुरी करावी. ते तर पितृऋण आहे. पुरी झालेली वस्तू पुन्हा उघडू नये. समाधानाने मिटवलेल्या वहीत नवी नोंद करायला जागा शोधणे हा हिशेब नव्हे.

इथे मम्मण शेठजींची कथा आठवते. राजगृहात मुसळधार पावसाची काळी रात्र. नदीला पूर आलेला. महालाच्या खिडकीतून राणी चेल्लणेला दिसते की लंगोटी नेसलेला एक म्हातारा पुरात उतरून वाहून आलेली लाकडे ओढत आहे. माझ्या राज्यात इतका दरिद्री कोण, म्हणून राजा श्रेणिक त्याला बोलावतो. म्हातारा म्हणतो, महाराज, एक बैल आहे, त्याला जोडीचा दुसरा हवा आहे. राजा म्हणतो, माझ्या गोठ्यातला हवा तो घेऊन जा. म्हातारा म्हणतो, तसला चालणार नाही, आधी माझा पाहा. घरी नेऊन तो तळघरात बैल दाखवतो, तो सोन्याचा आणि रत्नांनी मढवलेला. दुसराही जवळजवळ तयार. शिंगाचे थोडे काम राहिले आहे. त्या शिंगासाठी हा श्रीमंत माणूस तेल आणि चवळी खाऊन राहतो आणि पुरात लाकडे ओढतो. राजा थक्क होतो. सारे राज्य विकले तरी असा बैल आपल्याच्याने व्हायचा नाही, हे त्याला कळते.

ही कथा ऐकताना आपण शेठजींच्या कंजूषपणाला हसतो. मला मात्र त्या दुसऱ्या बैलाचे आश्चर्य वाटते. पहिला बैल पुरा झाला त्या दिवशी शेठजींनी तो मन भरून एकदा तरी पाहिला असेल काय? तो पुरा झाला त्या क्षणीच एकटा वाटू लागला असणार. त्याच्या पूर्णतेतच त्यांना उणीव दिसली. आज एखादा चित्रपट लोकांना आवडला की आठवड्याच्या आत दुसऱ्या भागाची विचारणा सुरू होते, यात मला तोच अपुरा दुसरा बैल दिसतो. पहिल्याला कोणी नीट पाहू देत नाही. आणि दोष केवळ निर्मात्यांना देऊन चालणार नाही. पुढचा थेंब कधी, असे विचारणारे आपणच असतो. परिग्रह-परिमाणाचे व्रत आपले वाडवडील घेत, तेव्हा इतके तोळे, इतक्या एकर, इतकी घरे, अशी मर्यादा आखत. आवडीच्या वस्तूंनाही अशी मर्यादा असावी, एक उत्तम गोष्ट एकदाच मिळाली तर ती पुरेशी मानावी, हे त्या व्रताच्या भावनेशी जुळणारे आहे.

आपल्या घरांतून आज दोन चिंता ऐकू येतात. मुले दुकानावर बसायला तयार नाहीत, ही एक. आणि बसलेली मुले आजोबांच्या नावावर पाच शहरांत शाखा काढू म्हणतात, ही दुसरी. दोन्ही वेळी घरातल्या मोठ्यांना वाटते की नावाचे काय होणार. त्यांना मी एवढेच सुचवीन की मुलाचा नकार हाही कधीकधी वारशाचाच भाग असतो. ज्या मुलाने मोहरांनी भरलेला लंगोट नाकारला त्याने बापाचे काही बुडवले नाही; बापाला जे आयुष्यभर साधले नाही ते त्याने एका क्षणात साधले. एखादी पेढी सन्मानाने मिटली आणि तिचे नाव गावाच्या तोंडी गोड राहिले, तर ती पेढी बुडाली असे म्हणू नये.

‘तुंबाड’चा दुसरा भाग पडद्यावर येईल तेव्हा मी तिकीट काढून पाहीन. काम करणाऱ्यांच्या कष्टांचा अनादर मला करायचा नाही आणि माझी शंका खोटी ठरली तर आनंदच वाटेल. मात्र अंधारात बसून मी भीतीची दृश्ये मोजणार नाही, की किती हस्तर आले तेही मोजणार नाही. त्या मुलाने दिलेला नकार या मंडळींनी जपला आहे काय, एवढेच पाहीन. तो जपला असेल तर पैसे वसूल झाले असे समजेन. नसेल, तर दोरी पुन्हा विहिरीत सोडली गेली आहे आणि वर बसलेले दोन उंदीर आपल्या कामाला लागले आहेत, असे समजून घरी येईन.